वाघळीच्या खिंडीतली तिसरी हाक

वाघळीच्या खिंडीत पहिल्यांदा येणाऱ्याला चौकी दिसत नाही. मघाशी तुम्ही तिच्या समोर उभं राहून मला विचारत होतात, चौकी कुठं आहे म्हणून. हा दगडी आडभिंतीचा पडका वाडा दिसतो ना, धनगरानं शेळ्या कोंडायला बांधल्यासारखा, हीच ती चौकी. भिंतीमागे वाकून आत या. डोकं सांभाळा, टोपीचं काही नाही, कपाळाचं म्हणतोय. कातळात खोदलेल्या अशा सात कोठड्या आहेत, एकीतून दुसरीत जाता येतं. ही हाताएवढी भोकं म्हणजे जंग्या. यातून खालची सगळी नाळ, ही डोंगरातली अरुंद घळ, दिसते. कोकणातून वर यायला या अंगाला एवढी एकच वाट, आणि त्या वाटेवर आता जे धोंडे पसरलेत, त्यांच्या अंगावर चढूनच तुम्ही आलात. ते धोंडे डोंगरानं टाकलेले नाहीत. ते माणसानं रचले होते आणि माणसानंच सोडले.

कुठल्या राजाच्या वेळची ही गोष्ट, ते विचारू नका. खालचं गाव एक नाव सांगतं, वरचं दुसरं, आणि दोघांपाशी पुरावा नाही. राजाला कोकणातून येणाऱ्या फौजेचं भय होतं, एवढं मात्र दोन्ही गावं सांगतात. त्यानं पाथरवट आणून कोठड्या खोदवल्या आणि बाहेरून सगळं शेळ्यांच्या वाड्यासारखं सजवलं. छपराला गवत, दाराला काट्यांची झापं. सोंग पुरं दिसावं म्हणून खऱ्या चौदा शेळ्याही दिल्या म्हणे. पहाऱ्याला आमच्या मेटवाडीचे सात गडी नेमले आणि त्यांच्यावर गोमाजी नाईक.

चौकीचे नेम कडक होते. आत चूल पेटवायची नाही, धूर दिसतो. भाकरी घरून यायची. बायका ती घेऊन यायच्या, म्हणून बायकांना चौकी ठाऊक. पण गावातल्या पोरींना ती कधी सांगायची नाही, अशी शपथ सगळ्या गावानं घेतली होती. कारण उघड आहे. सुना वर येतात, लेकी खाली जातात. आमच्या पोरी पिढ्यान् पिढ्या कोकणात दिलेल्या. आज आपली असलेली पोर उद्या खालच्या गावची होणार, तिच्या तोंडून एखाद दिवशी निघून गेलं तर?

गोमाजीला एकच लेक, दुरपदा. तिला एवढंच माहीत, की आपला आबा खिंडीत शेळ्या राखतो. पोर तोंडाची फटकळ होती. बाप घरी आला की विचारायची, "आबा, चौदा शेळ्यांना सात गडी? मग शेळ्या तुम्हाला राखतात का तुम्ही शेळ्यांना?" गोमाजी हसून न हसल्यासारखं करायचा. त्याची बायको कोंडाई तेवढ्यापुरती चुलीकडे तोंड फिरवायची. लेकीपाशी खोटं बोलणं दोघांच्याही जिवावर यायचं, पण शपथ ती शपथ.

गोमाजी माणूस मोठा काटेकोर. नाळेवर धोंड्यांची उतरंड रचली ती त्याच्या देखरेखीखाली. हत्तीएवढ्या धोंड्यांपासून माठाएवढ्यांपर्यंत सगळे एकावर एक, आणि सगळ्यांचा भार खैराच्या एका पाचरीवर. पाचर ठोकून काढली की नाळ बुजली. आता पाचर काढायची केव्हा, हा प्रश्न होता. खालच्या वळणावर माणसाची चाहूल लागली की जंगीतून हाक मारायची, हे ठरलेलं होतं. आपलं माणूस असेल तर ओ देईल. पाहणीला आलेल्या राजाच्या माणसाचं म्हणणं पडलं, तीन हाका माराव्यात. गोमाजीनं ते मानलं नाही. त्यानं आपल्याच एका गड्याला वळणापासून वर पळायला लावलं आणि स्वतः जंगीत बसून हाका मारून पाहिल्या. दोन हाका होईपर्यंत गडी उतरंडीखाली असायचा, तिसरी होईपर्यंत निसटून वर आलेला असायचा. चार वेळा पळवलं, चारही वेळा तेच. "दोन हाका बास," गोमाजी म्हणाला. "तिसरी मारली तर चौकी असून नसून सारखी." राजाच्या माणसानं मान डोलावली आणि नेम ठरला. त्या नेमाचा गोमाजीला अभिमान होता, असं सांगतात. का नसावा? बारा वर्षं खिंडीतून मिठाचे तांडे आले, सुकी मासळी आली, वऱ्हाडं आली. सगळे गाणी म्हणत, बैलांच्या घंटा वाजवत यायचे, त्यामुळं लांबूनच कळायचं कोण आहे ते. हाक मारायची वेळच कधी आली नाही.

दुरपदाचं लग्न खाली खारशेतला झालं. दुसऱ्याच वर्षी निरोप आला, पोरीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी. बापानं जाऊन लेकीला आणावं ही रीत, पण दिवस भरत आले तेव्हा दसरा जवळ आलेला. दसऱ्यानंतर स्वाऱ्या निघतात, त्या दिवसांत नाईकाला चौकी सोडता येत नव्हती. गोमाजीनं निरोप धाडला, शेळ्यांना रोग आहे, मला निघता येत नाही, तुम्हीच पुनवेनंतर पोचवा. तेवढ्या खोट्यापायी त्याला आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. कोंडाईनं मात्र बाळंतिणीची खोली सारवून घेतली, बाज आवळून ठेवली, डिंक-हळीव जमवलं. घरात दुसरा विषय नव्हता. आणि त्याच आठवड्यात चौकीवर बातमी आली, खाडीपाशी परकी फौज उतरली आहे.

पुनवेला चार दिवस होते. सकाळची भाकरी देऊन कोंडाई परत गेली होती. नाळेत धुकं असं दाटलं होतं, की जंगीतून हात बाहेर काढला तर बोटं दिसू नयेत. खालून चाहूल आली. पुष्कळ पावलं होती, जनावरं होती, पण बोलणं नाही, गाणं नाही, घंटा नाही. तांडा असता तर घंटा वाजल्या असत्या. गोमाजीनं गड्याला खूण केली, गडी घण घेऊन पाचरीपाशी गेला.

गोमाजीनं जंगीला तोंड लावून हाक मारली, "कोण आहे?" पावलं थांबली. उत्तर नाही.

त्यानं मनात आकडे मोजून दुसरी मारली. खाली कुजबुज झाल्यासारखी वाटली, पण ओ आली नाही. त्यानं हात खाली केला. गड्यानं घण घातला.

आवाज मेटवाडीपर्यंत ऐकू गेला म्हणे. धूळ आणि धुकं एक झालं. बऱ्याच वेळानं त्यातून एक बैल वर आला, एकटाच, पाठीवर भाताची गोणी कलंडलेली. गळ्यात घंटा होती, पण वाजत नव्हती. गोमाजीनं पुढं होऊन घंटेत बोट घातलं, तर आत गवत कोंबलेलं. गवत त्यानं उपसून काढलं आणि बघत राहिला. शत्रू घंटा सोडून ठेवतो, बैलाच्या गळ्यात ठेवून त्यात गवत भरत बसत नाही.

बैलामागून धाकू आला. दुरपदाचा दीर. बैलाच्या खुरात खडा रुतला म्हणून तो डोलीमागं चार-सहा पावलांवर, वळणाच्या आडोशाला राहिला होता, तेवढ्यानं वाचला. लग्नात गोमाजीच्या शेजारी पंगतीला बसलेला माणूस, त्यानं गोमाजीला ओळखलं आणि त्याचे हात धरले.

"मामा, दरड कोसळली," तो म्हणाला. "वहिनीची डोली पुढं होती. दादा डोलीपाशीच होता, आमची आत्या होती, चार भोई होते. सुईण म्हणाली, आता थांबू नका, म्हणून लवकर निघालो. तुमचे गडी बोलवा मामा, लवकर धोंडे काढू."

गोमाजी म्हणाला, "घंटांत गवत का?"

"वहिनीला जरा डोळा लागला होता. तिला निजू द्यावं म्हणून दादानं भरलं. बोलू पण देत नव्हता कुणाला."

 गोमाजीनं विचारलं, "वरून हाक आली नाही तुम्हाला?"

"आली की. दोनदा आली. माणूस कुठं दिसेना, नुसता खडक बोलत होता. पहिल्या हाकेला वहिनी जागी झाली. म्हणाली, आबांचा आवाज वाटतो, ओ देते. आत्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, खुळी का काय तू, ते ओळखीच्याच आवाजात हाक मारतं. पोटुशी बाई रानात ओ देते का कधी? तिसरी आली तर माणूस. तिसरीला दे." धाकूनं डोळे पुसले. "तिसऱ्या हाकेची वाट बघत उभे होतो मामा, आणि दरड आली."

तुम्ही शहरातली माणसं, पण तुमच्याही घरी कुणीतरी सांगितलं असेल. आडरानात हाक आली तर लगेच ओ देऊ नये. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारणं त्याला जमत नाही. कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. गोमाजीलाही ते ठाऊक होतं. त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं, आणि त्यानं दुरपदाला. पण चौकीचा नेम ठरवताना त्याला ते आठवलं नाही. तेव्हा तो नाईक होता, फौजेचा विचार करत होता, आणि फौज काही आईचं ऐकून घाट चढत नाही.

त्यानं धाकूला तिथल्या तिथं सगळं सांगितलं. ही दरड नाही, मी सोडलेले धोंडे आहेत, हाक माझी होती. बारा वर्षांची शपथ मोडली ती त्यानं अशी. धाकू त्याला मारेल असं गड्यांना वाटलं. धाकू वळून धोंडे काढायला लागला. गाव धावून आलं. तीन दिवस धोंडे काढत होते. वरचे निघाले, खालचे हलले नाहीत. डोलीचा एक दांडा तेवढा हाती लागला. फौजेची बातमीही खोटीच निघाली. ती व्यापाऱ्यांची गलबतं होती.

राजाचा माणूस आला. त्याच्या हिशेबी नाईकानं हुकूम चोख बजावला होता. त्यानं सोन्याचं कडं आणलं होतं आणि आज्ञाही, की उतरंड पुन्हा रचावी. गोमाजीनं कड्याला हात लावला नाही. "उतरंड रचायची असेल तर नेम बदला," तो म्हणाला. "तीन हाका."

"तिसऱ्या हाकेला माणूस निसटतो, हे तूच दाखवलंस ना? मग चौकीचा उपयोग काय?"

"नसू दे उपयोग."

राजाचा माणूस चिडून गेला. पण मेटवाडीतला एकही गडी धोंडा उचलायला तयार झाला नाही. कुणाची लेक खाली नव्हती? शेवटी राजानं चौकीचा नाद सोडला. ती फौज मात्र कधी आली नाही, त्या राजाच्या वेळी नाही आणि पुढंही नाही.

कोंडाई बारा दिवस घराबाहेर पडली नाही. नवऱ्याला ती एक शब्द वाईट बोलली नाही, असं सांगतात. स्वतःलाच बोलत होती. "ओटी भरताना सांगायला हवं होतं मी. एवढंच सांगायचं होतं, खडकात तुझा बाप बसतो." तेराव्या दिवशी ती उठली आणि खिंडीत आली. मागोमाग सगळं गाव. गोमाजी जंगीपाशी बसून होता, राजाच्या माणसाशी बोलला त्या दिवसापासून त्याचा आवाज गेला होता. कोंडाईनं त्याला बाजूला सारलं, जंगीला तोंड लावलं आणि राहिलेली हाक मारली. लेकीचं नाव घेऊन मारली. मग सगळं गाव ऐकत उभं राहिलं.

कुणी म्हणतात, धोंड्यांखालून ओ आली. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. काही आलं नाही, आणि ऊन कलेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही, असं आम्ही सांगतो.

आजही मेटवाडीची पोर सासरी निघाली की बाप तिला आधी या कोठडीत आणतो, जंगीतून खालची वाट दाखवतो, मगच पाठवणी. आजही खारशेतची माणसं साऱ्या रानात तिसऱ्या हाकेपर्यंत तोंड उघडत नाहीत, पण वाघळीच्या वळणावर पहिल्याच हाकेला ओ देतात, मग ते भूत का असेना. आणि आम्ही वरचे? पहिलीलाच ओ आली तरी तीन हाका पुऱ्या करतो. शेवटची बाईनं मारायची.

तुम्ही आता उतराल. वळणावर पोचलात की आमची सून इथून हाक मारील. पहिलीलाच ओ द्या, थट्टा करू नका, आणि तिसरी होईपर्यंत जरा थांबा. तिसरीला तुम्ही ओ द्यायची नाही. ती तुमच्यासाठी नसते.