कुंपणाचं भगदाड

शाळा समितीच्या निवडणुकीसाठी भिवा घरोघर फिरत होता. स्वभाव लाजरा, शाळा पाचवीतच सुटलेली. पण पहिलीतल्या लेकीनं तरी पुढं शिकावं, एवढीच त्याची आस होती. शेवटी त्यानं सोळा वर्षं अध्यक्ष असलेल्या दादासाहेब इंगवल्यांचंही दार वाजवलं.

दादासाहेब ओट्यावरच्या मंडळींकडे बघत म्हणाले, "पाचवीत पळालेला तू, शाळेचं काय बघणार रे?"

भिवा खाली मान घालून म्हणाला, "दादासाहेब, मागच्या कुंपणाच्या भगदाडातून पळालो होतो. निवडून आलो तर आधी तेच बुजवीन. मी पळालो तेव्हाही अध्यक्ष तुम्हीच होता."

ओट्यावर हशा पिकला. आतून सूनबाईंचा आवाज आला, "भिवाभाऊ, आमचा मन्याही तिथूनच पळतो. माझं मत तुम्हालाच!"