ठकूबाईनं पुकारलेली सोयर

कातळवणात आधी देव आला की आधी सुईण आली, यावर अजून वाद चालतो. घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. पण देवराई इतकी दाट होती की भरदुपारी दिवा घेऊन जावं लागे, त्या काळी तिथे ठकूबाई सुईण होती, हे सगळेच मानतात. तिचा हात फिरला की पोटातलं आडवं मूल सरळ होई, असं म्हणतात.

देवराईत महादेवाचा एकच बेल. एका वर्षी श्रावण तोंडावर आला नि त्याच्या पानापानाला भोकं पडली. भोकाचं पान पिंडीला चालत नाही. इसोबा गुरवानं पाहिलं, तर पानांवर पाखरांची शीट. ठकूबाईनं तिला बोट लावलं मात्र, शिटेला तांबडी शिंगं फुटली नि उग्र वास सुटला!

"अगं बाई, ही तर जिती आहेत!"

कात टाकता टाकता त्या अळ्या अशा हिरव्यागार झाल्या, की पान कुठलं नि अळी कुठली, कळेना. इसोबानं मिरच्यांची धुरी पेटवली. खालच्या फांद्यांवरच्या अळ्या टपाटपा खाली पडल्या. ठकूबाई धावली, धुरी पायानं विझवली, तान्ह्या बाळाला घेतात तसं एकेकीला सुपात घेतलं, खाली बेलाचा पाला घातला. मग बुंध्याला कडुनिंबाचा डहाळा बांधून गरजली, "सोयर आहे! झाडाला शिवेल त्यानं देवाला शिवायचं नाही!"

बाळंतिणीच्या दारी डहाळा बांधायचा मान सुईणीचा. तो ओलांडायची छाती गुरवालाही नव्हती.

"किड्यांची कसली सोयर, ठकूआत्या?"

"तुझी पुकारली तेव्हा तूही असाच वळवळत होतास रे, मेल्या!"

गाव खदखदून हसलं. इसोबा हसला नाही. "सोयर लेकराची असते. फिटायच्या दिवशी लेकरू दाखव. नाहीतर पुन्हा कुठल्या बाळंतिणीला हात लावायचा नाहीस."

त्या दोन हातांखेरीज ठकूबाईजवळ होतं काय? तरी म्हणाली, "कबूल."

आणि अळ्यांनी खाणंच सोडलं. काटकीला टेकल्या, कमरेला रेशमाचा दोर बांधला नि सुकल्या पानासारख्या गप्प झाल्या. मेल्या, गाव म्हणालं. ठकूबाई सूप मांडीवर घेऊन झाडाखाली बसून राहिली. कोषाला कान लावला की तिला आत कळा ऐकू येत, असं म्हणतात.

सोयर फिटायची सकाळ झाली. सारं गाव जमलं. ठकूबाईनं सूप सगळ्यांसमोर धरलं. तेवढ्यात एक कोष उकलला. ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं, लटकलं, हळूहळू उलगडलं. काळी चंद्रकळा, काठाला कुंकवाची बोटं! मग दुसरी, मग झाडावरची सगळी. पंखांनी आभाळ झाकलं, देवराईत आणखी एक दिवा लावावा लागला, असं म्हणतात.

इसोबानं डोक्याचं मुंडासं काढून ठकूबाईच्या पायाशी ठेवलं. मग स्वतःच्या हातानं भोकाचं पान खुडलं नि पिंडीवर वाहिलं.

कातळवणात त्या फुलपाखरांना आजही 'ठकूची लेकरं' म्हणतात. घरी मूल जन्मलं की एक डहाळा दाराला नि एक बेलाला बांधतात, आणि तो सुटेपर्यंत झाडाला कुणी शिवत नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पिंडीवर पहिलं पान भोकाचंच चढतं. एखादा शहाणा पाहुणा नाक मुरडतो. गुरव त्याला सांगतो, "चालतं हो. लेकरानं खाल्लंय."