दोनशे बारा नंबरची परतीची तारीख

हे कुणाला सांगायचं नाही असं आईने मला बजावलं आहे. मी तशीही फार बोलत नाही. म्हणून लिहिते. लिहायचं नाही असं ती म्हणालेली नाही.

एका गावात एक भोळा कोठीवाला होता. गावाचं नाव सांगत नाही. खाडीकाठचं आहे एवढंच. कोठीवाल्याचं नाव दत्ताराम. खरं तर मी त्यांना दत्तारामकाका म्हणते. पण गोष्टीतल्या माणसाला 'तो' म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

दत्ताराम आधी खाडीत होडी चालवायचा. माणसांना या काठावरून त्या काठावर न्यायचा. मग पूल झाला. पुलाला नावाडी लागत नाही. तेव्हा खाडीच्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रातल्या बाईंनी त्याला कोठी सांभाळायला ठेवलं. त्या बाई म्हणजे माझी आई. हेही सांगायचं नव्हतं.

कोठीत चारशे बारा बरण्या होत्या. बरणीत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये मासे, शिंपले, गोगलगायी, कोळंब्या, खेकडे. आईने बारा वर्षं गुडघाभर चिखलात उतरून ते गोळा केले होते. कुठली बरणी कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर, ही सगळी यादी नुकतीच संगणकात चढवली होती. झाकणांवर काळ्या रेघांच्या पट्ट्या चिकटवणं तेवढं राहिलं होतं. पट्टीवर यंत्र धरलं की टिंग वाजतं आणि संगणकाला बरणी कळते.

इतक्यात शहरातल्या मोठ्या कचेरीचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी तपासणी. यादी आणि कपाट यांत एका बरणीचाही फरक निघाला, तर सगळा संग्रह शहरात हलवायचा आणि केंद्राला कुलूप लावायचं.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि दत्तारामला हाक मारली.

"दत्ताराम, आता एकही चूक व्हायला नको. सांगितलेलं लक्षात ठेवायचं."

"ठेवीन, बाई."

दत्ताराम कामाला वाघ होता आणि सांगितलेलं कधीच विसरत नसे. सगळी अडचण तीच होती.

आई म्हणाली, "आधी प्रत्येक बरणीवर नव्याने चिठ्ठी लावा."

दत्तारामने लावल्या. शाईच्या पेनाने, सुंदर अक्षरात, बरणीच्या पोटावर. एकेचाळीस बरण्या झाल्यावर झाकणांतून स्पिरिट पाझरलं आणि एकेचाळीस चिठ्ठ्यांवर नुसते निळे डाग उरले.

"अहो दत्ताराम! स्पिरिटने शाई जाते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि आत टाकायची. बाहेर नाही, आत! आणि चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नमुनाच नाही, कळलं?"

"कळलं, बाई. पेन्सिलीने. आत. चिठ्ठी नाही तर नमुना नाही."

आणि त्याने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आईने डबा उघडला. आमटीत चिठ्ठी तरंगत होती. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आमटी'. चहाच्या थर्मासातून कपात आधी चिठ्ठी पडली, मग चहा.

आई हसली नाही. तिने आणि मी तीन दिवस बसून जुन्या वह्यांवरून चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या आणि झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या. शेवटी तिच्या हातात एक पट्टी उरली. दोनशे बारा नंबरची.

दोनशे बारा म्हणजे खेकडा. एक नांगी एवढीशी आणि दुसरी त्याच्याहून मोठी असा. तसला खेकडा आईला आमच्या खाडीत एकदाच मिळाला होता, परत कधी नाही. त्याची बरणीच जागेवर नव्हती. आम्ही कपाटं पालथी घातली. नव्हती.

आईने कचेरीला अर्ज लिहिला की एक नमुना शोधतो आहोत, महिनाभर थांबा. तो अर्ज पाकिटात घालून तिने दत्तारामला दिला.

"यावर पत्ता लिहून टपालात टाका. कचेरीच्या पत्रात आलाय तोच पत्ता, फळ्यावर लिहून ठेवलाय. आजच टाका."

"टाकतो, बाई."

चार दिवसांनी आईने विचारलं, "पत्ता नीट लिहिलात ना?"

"हो, बाई. पेन्सिलीने लिहिला."

आईचा चेहरा जरा बदलला. "कुठे लिहिलात?"

"आत," दत्ताराम म्हणाला. "चिठ्ठीवर लिहून पाकिटात टाकला आणि डिंकाने पक्कं बंद केलं. स्पिरिट सांडलं तरी जाणार नाही."

ते कोरं पाकीट अजून कुठे फिरत असेल कोण जाणे.

आता तपासणी टळणार नव्हती. आईने दत्तारामला बाकीची कामं समजावली. एक दिवस तो फ्रीजर उघडा टाकून 'आत जरा वारा लागू दे' म्हणून समोर बसला होता. त्यात मासळीच्या मांसाचे बारीक तुकडे असतात.

"फ्रीजरचं दार तीस मोजेपर्यंत बंद झालंच पाहिजे. आणि नमुना कोठीबाहेर न्यायचा तर बर्फात ठेवून न्यायचा."

दत्तारामने लक्षात ठेवलं.

मग एका कॉलेजने मधेच दोन दिवसांसाठी नेलेली गोगलगाईची बरणी तारीख उलटली तरी आली नाही.

आई म्हणाली, "तारीख उलटली की वाट बघत बसायचं नाही. स्वतः जायचं आणि घेऊन यायचं. कारणं ऐकायची नाहीत."

दत्ताराम गेला. तिथे परीक्षा चालू होती आणि एक मुलगी गोगलगाय समोर ठेवून तिचं चित्र काढत होती. दत्तारामने बरणी उचलली. मुलगी म्हणाली, "अहो, कवच अर्धंच झालंय!" सर म्हणाले, "दहा मिनिटं थांबा." दत्तारामने कारणं ऐकली नाहीत.

बरणी बघून आई म्हणाली, "शाबास, दत्ताराम!"

त्याला मिळालेली ही पहिली शाबासकी. त्यामुळे हा धडा त्याने बाकी सगळ्यांपेक्षा घट्ट लक्षात ठेवला. तुम्हीही ठेवा.

तपासणीचा दिवस आला. मी शाळेतून लवकर येऊन कोठीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. मला कोपऱ्यातून बरं दिसतं, आणि कोपऱ्यातल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

तपासणीचे साहेब म्हणजे लोंढे साहेब. ते रिक्षातून उतरायला वेळ लावत होते, कारण त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. दत्तारामने फाटक उघडलं आणि मोजायला लागला.

"सत्तावीस... अठ्ठावीस..."

"काय मोजताय?" साहेबांनी बॅग आत ठेवत विचारलं.

"तीस," दत्ताराम म्हणाला आणि फाटक लावून घेतलं. बॅग आत, साहेब बाहेर.

"अरे! मी आत यायचोय!"

"आतलं गार बाहेर जातं, साहेब."

आई धावत गेली. साहेब आत आले ते फणफणतच.

मग टिंग टिंग सुरू झालं. आई यंत्र धरत होती आणि साहेब संगणकाकडे बघत होते. चारशे अकरा वेळा टिंग झालं. त्यानंतर शांतता.

"एक कमी आहे," साहेब म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

"खेकडा आहे, साहेब. इमारतीतच कुठेतरी असणार. मी एकदा मागची खोली बघते."

"मॅडम, चारची एसटी आहे मला. अर्ध्या तासात यादी आणि कपाट जुळवून दाखवा. नाहीतर 'संग्रह हलवावा' असं लिहून मी निघतो."

आईने मागच्या खोलीची किल्ली उचलली. जाता जाता ती म्हणाली, "दत्ताराम, साहेबांना दोनशे बाराची नोंद वाचून दाखवा. काय हरवलंय ते तरी कळू दे त्यांना."

दत्ताराम संगणकासमोर उभा राहिला आणि एकेक अक्षर लावत वाचू लागला.

"नर."

त्याने साहेबांकडे पाहिलं.

"पाठ तपकिरी."

साहेबांचा सफारी तपकिरी होता.

"डोळे बाहेर आलेले."

"पुढे वाचा!" साहेबांनी डोळे वटारले.

"डावी बाजू उजवीपेक्षा खूप मोठी."

दत्तारामने प्लास्टरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हात लावला की चिडतो," त्याने शेवटची ओळ वाचली आणि साहेबांच्या हाताला हात लावला.

"ए! काय करतोस!" साहेब ओरडले.

दत्तारामची खात्री पटली. त्याने पेन्सिल घेतली, 'दोनशे बारा' अशी चिठ्ठी लिहिली, सुरळी केली आणि प्लास्टरच्या आत सारली. उरलेली पट्टी प्लास्टरवर चिकटवली. वर यंत्र धरलं.

टिंग.

संगणकावर अक्षरं आली, 'चारशे बारापैकी चारशे बारा. साठा जुळला.'

मी हे सगळं पाहिलं. मी बोलायला हवं होतं, मला माहीत आहे. पण साहेब इतके लाल झाले होते की नोंदीत रंग बदलावा लागेल की काय, एवढंच माझ्या मनात आलं.

"मी निघालो! असल्या वेड्यांच्या बाजारात एक क्षण थांबणार नाही!"

दत्ताराम दारात आडवा उभा राहिला. "नोंद झालेला नमुना सहीशिवाय बाहेर जात नाही, साहेब. बाईंचा नियम आहे."

"अरे, मी नमुना नाही!"

"चिठ्ठी आहे," दत्ताराम म्हणाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी होती. "आण तो कागद!"

कागद संगणकातूनच येतो. त्यावर पहिली ओळ असते, 'साठा जुळला.' तिच्याखाली तपासणाऱ्याची सही. मग, कोण नेणार? साहेबांनी लिहिलं, 'लोंढे.' काय नेणार? 'लोंढे.' कशासाठी? 'घरी जाण्यासाठी.' परत कधी?

"परत? कधीच नाही!"

"तारखेशिवाय यंत्र घेत नाही, साहेब."

साहेबांच्या डोक्यात त्या दिवसांत एकच तारीख होती, प्लास्टर काढायची. त्यांनी ती लिहिली, 'वीस', आणि प्लास्टरची खाज दाबत एसटी धरायला धावले.

आई परत आली तेव्हा कोठीत दत्ताराम, मी आणि सही केलेला कागद एवढेच होतो. दत्तारामने तो कागद यंत्रात घातला होता आणि संगणकाने तो आपणहून कचेरीत पाठवूनही दिला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की संग्रह पूर्ण आहे, हलवण्याचं कारण नाही.

आई आधी रडली, मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग म्हणाली, "साहेब लाजेने कुणाला सांगणार नाहीत. आपणही नाही सांगायचं. आणि देवा, तो खेकडा तेवढा सापडू दे."

तो मला काल सापडला. चहाच्या खोलीत, फळीवर, आंब्याच्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या मधे.

"दत्तारामकाका, हा इथे कसा?"

"चिठ्ठी पुसली होती, ऋजूबाय. चिठ्ठी नाही तर नमुना नाही, बाईच म्हणाल्या. नमुना नाही, म्हणजे नुसती बरणी. बरण्या इथे असतात."

आई तालुक्याला गेली होती. तिला परत आल्यावर चकित करायचं म्हणून आम्ही खेकडा यादीत चढवायला बसलो. यंत्र घेईना. पुन्हा पुन्हा एकच ओळ, 'दोनशे बारा बाहेर गेलेला आहे. परतीची तारीख वीस.'

"मग आता काय करायचं?" काकांनी विचारलं.

मी सहसा बोलत नाही. नेमकी काल बोलले. "आधी तो परत यायला हवा," मी म्हटलं. गंमत म्हणून म्हटलं.

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. काल वीस तारीख होती.

आज सकाळी ते पहिल्या एसटीने गेले. बरोबर दोरी होती आणि मासळीवाल्यांकडचा बर्फाचा मोठा डबा. मी फाटकाशी विचारलं, "काका, साहेब नाही म्हणाले तर?" ते म्हणाले, "कारणं ऐकायची नाहीत." त्यांचा चेहरा शाबासकीच्या दिवशी होता तसा होता. मला हाक मारून थांबवता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं.

आता खिडकीतून दिसतंय, फाटकाशी रिक्षा थांबली आहे. आत लोंढे साहेब आहेत. प्लास्टर निघालं आहे. मांडीवर बर्फ आहे. शेजारून काका उतरले, फाटक उघडलं, आणि इथपर्यंत ऐकू येतंय, "एक... दोन... तीन..."

आई हाक मारतेय. "ऋजू! आधी इकडे ये! हे एवढं मोठं पिंप अंगणात कुणी आणून ठेवलं? आणि यात स्पिरिट कुणी भरलं?"

आले, आई. एवढंच लिहिते. सकाळी निघायच्या बऱ्याच आधी काकांनी मला विचारलं होतं की साहेबांची उंची साधारण किती असेल, आणि मला शाळेची घाई होती, म्हणून मी म्हटलं की गळ्यापर्यंत धरली तर मोठ्या पिंपाएवढी.