राजाने भाकरी सोडली

फार फार पूर्वी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही ज्याची वेस पाहिली नसेल, असं एक राज्य होतं. राज्य तसं लहानच. घोडा दौडवला तर दुपारच्या आत संपायचं. पण तिथल्या माणसांची मान कायम ताठ असायची, आणि ती कशामुळे, तर ज्वारीच्या भाकरीमुळे.

हसू नका. कुणाला सोन्याच्या खाणींचा अभिमान असतो, कुणाला हत्तींचा. यांना भाकरीचा होता. काळ्या मातीतली टपोरी ज्वारी, जात्यावरचं ताजं पीठ, हातावर थापलेली आणि काठाला कुठे चीर नसलेली भाकरी. निखाऱ्याला लावली की टम्म फुगायची. शेजारच्या राज्याचे वकील भांडायला यायचे आणि जेवून झाल्यावर कशासाठी आलो होतो ते विसरायचे. मला या माणसांचं फार कौतुक वाटतं. जे रोज ताटात पडतं त्याची किंमत ओळखणं सोपं नसतं.

या राज्याची एक रीत होती. ज्वारीची कापणी सुरू झाली की पहिली पेंढी राजाने स्वतःच्या डोक्यावर घ्यायची आणि सातशे पायऱ्या चढून डोंगरावरच्या देवीला वाहायची. वाटेत थांबलं तर चालेल, पण बसायचं नाही. जो बसेल त्याने तिथेच पागोटं उतरवून ठेवायचं, मग राज्य दुसऱ्याचं. राजाचे वडील, आजोबा, पणजोबा, कुणीही कधी बसलं नव्हतं.

हा राजा तरुणपणी त्या पायऱ्या धावत चढायचा. पुढे राज्यात सुख आलं, लढाया संपल्या, आणि बसून बसून त्याचं अंग सुटलं. एका वर्षी शेवटच्या शंभर पायऱ्या त्याला कठड्याला धरून चढाव्या लागल्या. लोकांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. राजाच्या मनाला ते फार लागलं.

पुढची पेरणी झाली त्या दिवशी त्याने प्रधानाला विचारलं, "प्रधानजी, अंग उतरवायला काय करावं?"

प्रधान म्हणाला, "महाराज, आपण दिवसाला चार भाकऱ्या खाता. भाकरी सोडा, अंग आपोआप उतरेल."

राजाने भर दरबारात हातावर पाणी घेऊन सोडलं. "देवीची शपथ, पुढची पेंढी वाहीपर्यंत मी भाकरीला शिवणार नाही." गावोगाव दवंडी पिटली गेली. भाकरीच्या राज्यात राजानेच भाकरी सोडली म्हटल्यावर बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

आता या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. त्यांच्या लेखी ताटात भाकरी असेल तरच ते जेवण. बाकी जे काही पोटात जाईल ते 'जरासं तोंडात टाकलं', त्याची मोजदाद कशाला करायची? अशी माणसं आजही असतात. तुमच्या घरातही एखादं असेल, मी नाव घेत नाही.

तर राजा सकाळी केशरी दूध आणि खजूर तोंडात टाकू लागला. मग तुपात परतलेली रताळी. दुपारी परातभर खिचडी, वर दही. 'महाराज उपाशी आहेत' म्हणून सरदारांच्या बायका राजगिऱ्याचे लाडू पाठवत, वड्या पाठवत, आटवलेली बासुंदी पाठवत. राजा वाटी चाटूनपुसून खाली ठेवी आणि सुस्कारा टाकून म्हणे, "किती दिवस झाले, जेवलो नाही." तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे एकादशी संपतच नव्हती.

दोन महिन्यांनी पालखीला चाराचे सहा भोई लागले. भोई बिचारे काय बोलणार? पण राजाने ते मोजले आणि त्याचा चेहरा पडला. तो तडक मुदपाकखान्यात गेला. तिथे भाकऱ्या करणारी भागूआत्या थंड चुलीपुढे बसली होती. तिच्या तीन पिढ्यांनी त्या घराण्याला भाकरी वाढली होती, आणि दोन महिने तिची काठवट कोरडी पडली होती.

राजा मटकन पाटावर बसला. "आत्या, भाकरी सोडली तरी अंग वाढतंय. दोन महिन्यांनी मी पायरीवर बसणार आणि बापजाद्यांचं पागोटं माझ्या हातून जाणार."

भागूआत्या म्हणाली, "म्हाराज, मला येक दिस द्या. तुमच्या तोंडात जे जाईल, त्येच्या भाराची भाकरी मी थापून टोपलीत ठिवते. सांजच्याला बघू."

"मी भाकरी खाणार नाही, आत्या. शपथ आहे."

"खाऊ नगा. नुस्ती बघा."

दुसऱ्या दिवशी तिने सदरेवरच चूल मांडली आणि शेजारी तराजू टांगला. दुधाचा पेला आला, तिने तोलला आणि भाकरी थापली. खजूर आले, तोलले, थापली. लाडू, रताळी, खिचडी, वड्या, बासुंदी. आत्याचे हात थांबेनात. दुपारपर्यंत दरबारी मंडळी खांबांआडून पाहू लागली. संध्याकाळी तिने भरलेली टोपली राजापुढे ठेवली.

राजाने मोजल्या. बावीस भाकऱ्या होत्या.

"ह्यो नुस्ता भार झाला," आत्या म्हणाली. "तूपसाखर तराजूला कळत न्हाई, अंगाला कळती. तुम्ही चार सोडल्या आन् बावीस खाल्ल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, म्हाराज. माझी भाकरी काय करती? येक खाल्ली की पोट पुरे म्हणतं. वाटीतलं काही पुरे म्हणत न्हाई."

"पण मी देवीची शपथ घेतली आहे."

"देवीला जवारी वाहायची आन् तिच्याच नावानं जवारी टाकायची, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

राजा खाली मान घालून बसला. प्रधान त्याच्या कानाशी लागला, "महाराज, राजाने शब्द फिरवला तर लोक हसतील. झाकली मूठ राहू द्या. गुपचूप खा, कुणाला कळायचं नाही."

पण राजा त्या मुलखातला होता. ताठ मानेचा. दुसऱ्या दिवशी त्याने दरबार भरवला आणि उभं राहून सांगितलं, "मी भाकरीला दोष दिला. माझं चुकलं. आजपासून मी भाकरी खाणार आहे, आणि ती लपून खाणार नाही." दरबारात कुणीही हसलं नाही. उलट म्हातारे सरदार उठून उभे राहिले. चूक कबूल करणाऱ्या राजाचं राज्य आपलं आहे, याचा त्या दिवशी सगळ्यांना अभिमान वाटला, आणि मला विचाराल तर तो रास्तच होता.

भागूआत्याने अट घातली. सकाळ-संध्याकाळ दीड भाकरी, सोबत पालेभाजी नाहीतर घट्ट वरण. मध्ये पाण्याशिवाय काही नाही. आणि सकाळची भाकरी ती राजवाड्यात करणार नव्हती.

"चूल मी डोंगराच्या पायथ्याशी मांडीन. तव्यावरची गरम खायची आसंल तर चालत या. मी पाठवायची न्हाई, आन् पालखीतून आलात तर वाढायची न्हाई."

पहिल्या दिवशी पायथ्याशी पोचेपर्यंत राजाला तीनदा थांबावं लागलं. पण भुकेल्या पोटी खाल्लेली ती भाकरी त्याला अशी लागली की त्याने डोळे मिटले. आठ दिवसांनी आत्याने चूल उचलली आणि शंभर पायऱ्या वर नेऊन मांडली. राजा चढला. पुढच्या आठवड्यात आणखी शंभर. शेतात कणसं भरत गेली आणि चूल डोंगर चढत गेली. एक दिवस पालखीचे भोई प्रधानाकडे काम मागायला आले, कारण राजा आता पालखीत बसतच नव्हता.

कापणीचा दिवस उजाडला. राजाने पहिली पेंढी डोक्यावर घेतली. रीतीप्रमाणे प्रधान मागे निघाला. सारं राज्य पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना उभं होतं. दोनशे पायऱ्या झाल्या, तीनशे झाल्या. तीनशेव्या पायरीवर प्रधानजी धपकन बसले. राजाने सोडलेले लाडू-वड्या इतके दिवस कुणी संपवले होते, ते तिथे उघड झालं. राजा चढत राहिला. सहाशेव्या पायरीवर त्याला धाप लागली. तो थांबला, पेंढी सावरली, कठड्याकडे हातही नेला नाही. मग त्याने पुढचं पाऊल टाकलं आणि शेवटच्या शंभर पायऱ्या सरळ मानेने चढून पेंढी देवीपुढे ठेवली.

देवळाबाहेर आत्याची चूल पेटलेली होती. तिने पाट मांडला, भाकरी वाढली आणि म्हणाली, "रीत झाली. बसा आता, म्हाराज."

राजाने भाकरी हातावर घेतली. खाली सारी माणसं मान वर करून त्याच्याकडे पाहत होती.

"उभ्यानेच खातो, आत्या," तो म्हणाला. "आज उभं राहायला फार बरं वाटतंय."

आणि भागूआत्याने, जिने आयुष्यात कुणापुढे डोळे ओले केले नव्हते, पदर डोळ्यांना लावला आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: ताटातल्या भाकरीला दोष देण्याआधी ताटाबाहेर काय काय खाल्लं, ते प्रामाणिकपणे मोजावं.