ठमाईनं पेटवलेला राब

ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट, घाटाखालच्या आपल्या वाडीत घरांना कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या तेव्हाची. त्या भिंती विणायची ठमाई. तिला एकुलती एक लेक, म्हाळी.

पोरीला एका फुलपाखराचा भारी लळा. पंख मिटले की ते हुबेहूब वाळकं पान, देठासकट. उघडले की आत निळं. फुलांकडे ते फिरकत नाही. खोडावर डोकं खाली करून बसतं, झाडाचा रस आणि उंबराची आंबलेली फळं चाखतं. त्याची काटेरी अळी कारवीचा पाला खाऊन वाढते. ठमाई कारवी तोडायला लागली की म्हाळी आडवी यायची, "आये, ही नको तोडू, हिच्यावर तिचं घर हाय."

नवव्या वर्षी म्हाळी तापानं गेली. तिसऱ्या दिवशी दारापुढच्या उंबरावर एक वाळकं पान दिसलं. ठमाई जवळ गेली तसं ते निळं उघडलं. "माझी म्हाळी आली," ती म्हणाली. पुढे वर्षानुवर्षं ते रोज येत राहिलं, असं म्हणतात. एवढं कुठलं फुलपाखरू जगत नाही, ते मलाही ठाऊक आहे. उगाच टोकू नका.

भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला पसरून जाळतात, तो राब. उंबराखालचा पाला मात्र ठमाई कधी राबाला नेत नसे. एका साली अवकाळी पावसानं रानातला पाला कुजला. शेजारची बुधी म्हणाली, "ठमे, दोन पाट्या कमी हायत. राब कच्चा ऱ्हायला तर रोप कुठनं येणार?"

ठमाईनं उंबराचं खोड पाहिलं. खोडावर काही नव्हतं. उडालं असेल, असं तिला वाटलं, आणि तिनं खालचा पाला पाटीत भरला. जन्मभर पान आणि पंख वेगळे ओळखणारी बाई नेमकी त्या दिवशी चुकली.

तिनंच राब पेटवला. जाळात एक पान उघडलं, निळं. मग सगळा जाळ निळा होऊन आभाळाला भिडला, असं म्हणतात. ठमाई नुसत्या हातांनी आग विझवत राहिली. हाती राख आली.

त्यानंतर ती रानात शिरली. एकेक वाळकं पान उचलायची, "म्हाळे, तू हाईस का गं?" विचारायची, खाली ठेवायची. रानात पानं काय थोडी असतात! ती परतलीच नाही. अजून विचारतेय, असं म्हणतात.

आजही आपल्याकडे राब पेटवण्याआधी बायका हातानं पाला हलवतात आणि म्हणतात, "ऊठ म्हाळे, जाळ येतोय." मग सगळे पाल्याकडे बघत उभे राहतात.

मी साठ राब पाहिले. पाल्यातून कधी काही उडालं नाही. थोडं थांबून आम्ही काडी ओढतो.