वळेसर उतरवलेली सकाळ

फाल्गुनात खडपवाडीत कुणी पाहुणा सकाळी आला, तर त्याला एक गोष्ट खटकते. दर्यालगतच्या उंच कातळी सड्यावरची सुरंगीची झाडे कळ्या-फुलांनी लगडलेली असतात, वास अंगाला चिकटेल इतका दाट असतो, आणि वाडीतल्या एकाही बाईच्या केसांत फूल नसते. आजूबाजूच्या गावांत या दिवसांत सुरंगीचा गजरा, म्हणजे इकडचा वळेसर, माळल्याशिवाय बाई घराबाहेर पडत नाही. असे का, हे विचारले की सुमती तांडेल पाहुण्यांना सड्याच्या टोकावर नेतात. त्या सत्तरीच्या आहेत, चढताना दोनदा थांबतात. वर पोचल्यावर पाण्यातले काळे खडक, इकडचे खडप, दाखवतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, या वाडीत मथुरा नावाची सून आली. ती डोंगराकडच्या गावातली, समुद्र कधी न पाहिलेली. नवरा बाबल होडी घेऊन गेला की ती दर्याकडे पाठ करून काम करी. धुक्यात वाट कशी सापडते, असे तिने एकदा विचारले होते. तो हसून म्हणाला, "नाकान. सुरंगीचो वास इलो की सुकाणू वळवूचा. खडप बाजूक रवता." तिला ती थट्टाच वाटली.

त्या वर्षी वाडीत लग्न निघाले. प्रत्येकीच्या डोक्यात भरघोस वळेसर हवा, म्हणून बायकांनी सड्यावरची झाडे ओरबाडली. टोकावरच्या शेवटच्या झाडावर, खाली थेट खडप म्हणून, कुणी चढत नसे. मथुरा दर्याकडे न पाहता चढली. पुढच्या चार दिवसांत उमलल्या असत्या अशा बारीक कळ्यांच्या डहाळ्याही तिने मोडून खाली टाकल्या. सगळ्यांनी तिचे कौतुक केले. लग्न लागले, जेवणे झाली, आणि दिवस कलता पुरुष पाच होड्या घेऊन मासेमारीला गेले.

दुसऱ्या दिवशी धुके उंबऱ्यापर्यंत आले होते. होड्या परतायची वेळ टळून गेली. बायकांनी ढोल वाजवले, पण धुक्यात आवाज चहूकडून येतो. वाळूत पेटवलेला जाळ दहा पावलांवरून दिसेना. मथुरा टोकावर धावली. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून दर्याकडे वाहत होता. तिने खोल श्वास घेतला. ओल्या मातीचा वास आला आणि तिला बाबलचे बोलणे आठवले. सुरंगीचा वास येत होता तो फक्त तिच्या स्वतःच्या केसांतून.

ती धापा टाकत खाली आली. "फुला काढा! सगळ्यांनी काढा. टोकार नेवया. वास दर्यात जाऊक व्हयो."

"जीभ झडो तुजी!" तिची सासू भिवरा कडाडली. "झील माजो दर्यात, आणि तू जित्या घोवाची फुला काढतंस?"

मथुराचा हात केसांवरच थांबला. नवरा गेला की फुले उतरतात, हे तिलाही ठाऊक होते. आपण काढली आणि तो खरेच आला नाही तर? तिचे बोट गाठीत अडकले. तरी तिने वळेसर ओढून काढला. पण एकीच्या वळेसराने काय होणार? बाकीच्या हलल्या नाहीत.

तेव्हा मागे उभी असलेली काशी पुढे आली. ती विधवा होती, कालच्या लग्नातही तिला अंगणाच्या कडेला बसवले होते. ती म्हणाली, "माजो घोव बुडालो तेव्हा माज्या डोक्यात हातभर वळेसर होतो. वाचवल्यान काय त्येका?"

भिवराने डोळे मिटले आणि अंबाड्याला हात घातला. मग एकेकीने काढले. शेवटी नवरीनेही.

टोकावर जाळे बांधून त्यावर सगळे वळेसर पसरले. जाळ्याखाली लग्नातल्या मोठ्या हंडीत पाणी उकळत ठेवले. वाफ फुलांमधून वर आली आणि वाऱ्याने ती दर्याकडे नेली. एकदा पाणी आटले, पुन्हा भरले. फुले काळवंडू लागली.

"वास येता की माकाच गमता?" एकीने विचारले.

"गप रव गो," दुसरी म्हणाली.

मग वल्ह्यांचा आवाज आला, असे सांगतात. बायका किनाऱ्याकडे धावल्या. पहिल्या होडीतल्या माणसांनी त्यांची मोकळी डोकी पाहिली आणि वल्ही हातातच राहिली. "कोण गेला?" एकजण ओरडला. एकामागून एक होड्या लागल्या. बाबल पाचव्या होडीत होता. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याने मथुराकडे पाहिले, मग वळून होड्या मोजल्या, मग माणसे. सगळे होते.

"मगे फुला कोणासाठी काढलंस?"

मथुरा पाण्यात शिरली आणि सुरंगीचा वास लागलेले हात तिने त्याच्या नाकापाशी धरले.

आठ दिवसांनी नव्या कळ्या आल्या. पहिला वळेसर भिवराने गुंफला आणि काशीच्या केसांत माळायला नेला. काशीने दोनदा तिचा हात ढकलला, म्हणे. तिसऱ्यांदा ढकलला नाही.

आजही होड्या दर्यात असेपर्यंत खडपवाडीत कुणी सुरंगी तोडत नाही, माळत नाही. शेवटची होडी वाळूला लागली की बायका झाडांकडे जातात, आणि त्या दिवसाचा पहिला वळेसर दर्याने जिचा माणूस नेला तिला मिळतो. गोष्ट इथवर आली की सुमतीबाई बोलायच्या थांबतात, कारण शेवटची होडी लागल्याच्या हाका खालून येऊ लागलेल्या असतात. त्या हळूहळू सडा उतरतात. पायथ्याशी एक मुलगी ताजा वळेसर हातावर घेऊन उभी असते, आणि सुमतीबाई आपले पांढरे डोके तिच्यापुढे वाकवतात.