भूपाल मास्तरांचा ऑफसाइड

कोल्हापूरपासून एसटीनं तासाभरावर हुंबरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या शाळेत एक फार भोळे मास्तर होते. भूपाल चौगुले त्यांचं नाव. चित्रकला शिकवायचे. माणूस सरळ. इतका सरळ, की सांगितलेलं काम सांगितलं तस्संच करायचा, त्यात स्वतःची अक्कल मिसळायचा नाही. एकदा हेडमास्तर म्हणाले, "चौगुले, मी येईपर्यंत खुर्ची सोडू नका." हेडमास्तरांना यायला उशीर झाला. मास्तर दुपारी घरी जेवायला गेले ते खुर्ची घेऊनच.

अशा माणसाच्या हाती शाळेनं मुलींचा फुटबॉल दिला. खेळाचे सर रिटायर झाले होते, आणि चित्रकलेचा तास बुडाला तर कुणी विचारत नव्हतं.

संस्थेचे चेअरमन दत्ताजीराव यांना शाळेचं मैदान बघितलं की तिथं मंगल कार्यालय दिसायचं. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"चार वर्षं झाली, आपल्या पोरींचा एक गोल मान्य होत नाही. दरवेळी तो काय ते, ऑफसाइड! यंदा तालुक्याला गोल झाले तर मैदान राहील. नाहीतर मी पाया खणायला घेतो."

"गोल मान्य झाले पाहिजेत," मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. "ऑफसाइड होता कामा नये." त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पण ऑफसाइड म्हणजे काय, हे मास्तरांना कुठं माहीत होतं? मग ते गेले सर्जेराव आबांकडे. आबा जवानीत कोल्हापुरात तालमीच्या टीममधून खेळलेले. आता गुडघे गेले होते आणि चौकात त्यांची रसवंती होती. आबांनी रसाचे ग्लास टेबलावर मांडले.

"हे बघ भूपाल. हा ग्लास म्हणजे आपली पोरगी. पास देताना ती आणि समोरचा गोल, यांच्यामधी त्यांच्या दोघीजणी तरी पायजेत. एक गोलकीपर आणि एक आणखी. दोघी नसल्या की झाला ऑफसाइड. कळलं?"

"कळलं."

पुढच्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना झाला. हुंबरवाडीची कॅप्टन होती रुक्सार मुल्ला, आठवीतली. पोरगी वाऱ्यासारखी पळायची. बॉल घेऊन ती पार पुढं गेली. तिथं गोलकीपर सोडून कुणीच नव्हतं.

"रुक्सार, थांब!" मास्तर ओरडले. "दोघी कुठायत? एकच दिसतीय!"

"सर, बॉल माझ्याकडं आहे. मारू का?"

"आधी दुसरी घेऊन ये!"

सरांचा शब्द. रुक्सारनं बॉल तिथंच ठेवला, मागं गेली, आणि समोरच्या टीममधल्या एकीचा हात धरून म्हणाली, "अगं, जरा तिकडं येऊन उभी राहतीस का? आमच्या सरांना दोघी लागतात." ती पोरगी आली. आली आणि बॉल घेऊन गेली. हुंबरवाडी चार गोलांनी हरली.

"अरे लेका," आबा म्हणाले, "माणसं आणून उभी करायची नसतात. सोपं करून सांगतो. पोरींना म्हणावं, बॉलच्या मागं राहा. बॉलच्या मागं असलं की ऑफसाइड होत नाही."

"एवढंच ना? मग आधीच सांगायचं."

मास्तरांनी आठवडाभर पोरींकडून घोकून घेतलं. बॉलच्या मागं, बॉलच्या मागं. दुसऱ्या सामन्यात समोरची एक बारकी पोरगी बॉल घेऊन हुंबरवाडीच्या गोलाकडं निघाली. तिला अडवायला हुंबरवाडीची एक पोरगी आडवी गेली.

"पुढं नको!" मास्तर गरजले. "मागं! बॉलच्या मागं!"

झालं. अकराच्या अकरा पोरी त्या बारकीच्या मागं लागल्या. गोलकीपरसुद्धा जाळी सोडून शेवटी जाऊन उभी राहिली. पुढं ती, मागं हुंबरवाडी, अशी वरात निघाली. त्या पोरीनं दोनदा मागं वळून बघितलं. तिला वाटलं, आपलं काही चुकतंय की काय. मग तिनं चालत जाऊन बॉल रिकाम्या जाळीत ठेवला. अशा नऊ वराती निघाल्या.

"पण आबा, ऑफसाइड एकही नाही," मास्तर म्हणाले.

आबांनी रसाचा चरक थांबवला. मग म्हणाले, "बॉल बाहेर गेल्यावर हातानं आत टाकतात, त्याला थ्रो-इन म्हणतात. त्याच्यावर ऑफसाइड नसतो. निदान तेवढं तरी शिकव."

मास्तरांनी शिकवलं. तिसऱ्या सामन्यात पोरींच्या पायात बॉल आला रे आला, की त्या बाहेर मारायच्या. बॉल उसात गेला, ओढ्यात गेला, एकदा दूधवाल्याच्या घागरीवर आदळला. थ्रो-इन दरवेळी समोरच्यांना मिळाला. मास्तर रेघेवर उभे राहून टाळ्या पिटत होते.

"सर," रुक्सार म्हणाली, "ऑफसाइड होत नाही, पण आपला गोल कसा व्हायचा?"

"एका वेळी एकच गोष्ट शिकावी," मास्तर म्हणाले.

तालुक्याच्या सामन्याला दोन दिवस उरले. मास्तर पुन्हा रसवंतीवर हजर. आबांनी कपाळाला हात लावला.

"भूपाल, आता शेवटचं सांगतो. आपल्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड नसतो. मधली रेघ ओलांडली नाही, तर कुणी कुठंही उभी असू दे, ऑफसाइड व्हायचाच नाही. जा आता."

मास्तरांचा चेहरा उजळला. इतका साधा उपाय, आणि चार वर्षं कुणाला सुचला नव्हता!

तालुक्याच्या मैदानाला एका बाजूला वड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. दत्ताजीराव फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. फुटबॉल ते आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आबाही काठी टेकत आले होते. मास्तरांनी पोरींना गोळा केलं.

"आज मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. गोल मारायचा तो टाकीकडच्या जाळीत."

"सर, तो आपला गोल आहे," रुक्सार म्हणाली.

"आपलाच आहे ना? मग? दुसऱ्याच्या गोलात घुसतो म्हणून तर शिट्टी वाजते."

"मी काय करू?" गोलकीपरनं विचारलं.

"तू बाजूला हो. मुलींना अडचण नको."

शिट्टी वाजली. एकीनं बॉल रुक्सारकडं दिला. रुक्सारनं एकदा सरांकडं बघितलं, एकदा आभाळाकडं बघितलं, आणि मागं वळून बॉल मारला. बॉल जाळीत गेला. रेफरी क्षणभर घुटमळला, मग त्यानं मैदानाच्या मध्यावर हात दाखवला. गोल मान्य! चार वर्षांत पहिल्यांदा! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. वर बॉल पुन्हा हुंबरवाडीकडंच दिला. मास्तरांना हा नियम फारच आवडला.

पहिल्या अर्ध्या वेळेत पाच गोल झाले. समोरची गोलकीपर वडाखाली बसून वेणी घालत होती. दत्ताजीरावांनी पाचही वेळा टाळ्या वाजवल्या आणि हेडमास्तरांना म्हणाले, "मंगल कार्यालयाला दुसरी जागा बघू. पोरी जोरात आहेत."

मध्यंतराला आबा काठी आपटत आले. त्यांना धाप लागली होती.

"अरे गाढवा! टाकीकडं नाही! तिकडं, वडाकडं मारायचा! वडाकडच्या जाळीत!"

"वडाकडं," मास्तरांनी वहीत लिहून घेतलं.

शिट्टी झाली आणि टीमांनी बाजू बदलल्या. हुंबरवाडीची गोलकीपर आता वडाखाली येऊन उभी राहिली. रुक्सार धावत आली.

"सर, आता वडाकडचा गोल आपला झाला. बाजू बदलतात."

"आबा इतकी वर्षं खेळलेत. त्यांना कळतं का तुला?"

रुक्सारनं जाऊन वडाकडच्या जाळीत आणखी चार गोल मारले. आबांनी मैदानाकडं पाठ केली आणि खाली बसले.

सामना संपला. दत्ताजीराव हार घेऊन स्वतः मैदानात आले. त्यांनी तो मास्तरांच्या गळ्यात घातला आणि वळून बघतात तर विजेत्यांची ढाल समोरच्या पोरींच्या हातात.

"अहो चौगुले, आपले नऊ गोल झाले ना? मग ढाल त्यांना कशी?"

मास्तरांनी मान हलवली. आवाज खाली आणून म्हणाले,

"साहेब, त्यांना बिचाऱ्यांना एकही मारता आला नाही. मनाला लावून घेतील म्हणून दिली असेल."